गाठींचे गुपित

वस्त्रावर नक्षी उमटविण्याचे नाना प्रकार मानवाने शोधून काढले आहेत. कोणी विणलेल्या कापडावर ठसे उठवितो, कोणी सुईने वेलबुट्टी भरतो. परंतु कापड जन्माला येण्यापूर्वीच सुट्या धाग्यांवर नक्षी रंगवावयाची आणि मग विणताना ती जुळवून घ्यावयाची, हा प्रकार या सर्वांहून विलक्षण होय. या कलेला 'इकत' असे म्हणतात. बांधणे या अर्थाच्या मलय भाषेतील शब्दावरून हे नाव आले आहे.

इकताच्या बहुतेक कापडांत ताणा किंवा बाणा, म्हणजे उभे किंवा आडवे धागे, यांपैकी एकच रंगविलेला असतो. गुजरातेतील पाटण येथील पटोळ्यात मात्र दोन्ही धागे रंगवितात. रेशमाचे धागे ताणून त्यांवर खुणा करावयाच्या. जो भाग रंगापासून वाचवावयाचा, त्यावर सुती दोरा घट्ट गुंडाळून गाठी मारावयाच्या. मग धागे रंगात बुडवावयाचे. ते वाळले की काही गाठी सोडावयाच्या, काही नव्याने बांधावयाच्या आणि दुसरा रंग चढवावयाचा. जितके रंग, तितक्या वेळा हा खटाटोप! एका साडीसाठी या बांधण्या-रंगविण्यातच काही महिने जातात.

पुढे मागावर खरी कसोटी लागते. उभ्या धाग्यावरील तांबड्या ठिपक्यावर आडव्या धाग्याचा तांबडा ठिपका नेमका येऊन पडला पाहिजे. तो केसभर सरकला, तरी हत्तीची सोंड मोडते आणि पानाची कड विस्कटते. म्हणून दोन विणकर एकाच मागावर बसतात, आणि थोडे विणून झाले की सुईच्या टोकाने धागे सारून जागेवर आणतात. दिवसभरात जेमतेम वीतभर कापड तयार होते. पटोळ्याची भात फाटेल, पण पुसली जाणार नाही, अशा अर्थाची म्हण गुजराती भाषेत आहे. ज्या घरांत हे काम चालते, त्या घरांतील मुले गणिताला भीत नसावीत, असे मला नेहमी वाटते.

हे काम साळवी घराण्यांचे. बाराव्या शतकात कुमारपाल राजाने साळव्यांची सातशे कुटुंबे पाटणला आणून वसविली, अशी परंपरागत कथा आहे; आणि ती जालन्याहून आली, असेही तीत सांगतात. आज पाटणात पटोळा विणणारी घरे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच उरली आहेत. ही विद्या घरातील मुलांना आणि सुनांना शिकवावयाची, मुलींना नाही, अशी तेथील जुनी रीत होती. कारण मुलगी सासरी गेली, की विद्याही दुसऱ्या घरी जाणार!

या रीतीला नावे ठेवणे सोपे आहे. परंतु पटोळ्याला एके काळी दूरदेशी केवढा मान होता, हे ध्यानात घेतले, म्हणजे तिचे मर्म कळते. सुरतेच्या बंदरातून पटोळे जावा-सुमात्रा बेटांकडे जात. तेथे ते राजघराण्यांत वापरले जात आणि पूज्य ठेवा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जपले जात. ज्याच्या घरी अशी विद्या आहे, त्याने दाराला कडी लावली, तर त्याला दोष कसा द्यावा?

तरीही माझे मत असे आहे, की आता ही कडी काढली पाहिजे. कापडाच्या गिरणीला पटोळ्याची नक्कल करावयाची असेल, तर तिला गाठींचे गुपित लागतच नाही. तिला केवळ नक्षी हवी असते आणि ती एका छायाचित्रावरून मिळते. मग कुलपाने अडविले कोणाला? चोर तर खिडकीतून येऊन गेला. दाराशी तिष्ठत राहिला तो मन लावून शिकू इच्छिणारा मुलगा. शिवाय घरातील मुलाने दुसरा व्यवसाय पत्करला, तर एकाच पिढीत ही साखळी तुटते. घरे मोजकी उरली असता हा धोका क्षुल्लक म्हणता येत नाही.

बाली बेटावर तेंगानान नावाचे एक गाव आहे. तेथेही उभे-आडवे दोन्ही धागे रंगवून सुती वस्त्र विणतात. त्याचे नाव गेरिंगसिंग, म्हणजे रोग दूर ठेवणारे. बारतोंडीच्या मुळांचा तांबडा रंग पुन्हा पुन्हा चढवीत गेल्याने एकेका वस्त्राला वर्षे लागतात. हे गावही आपल्या रीती कसोशीने पाळणारे. गावात निळीचा रंग चढविण्यास बंदी आहे. म्हणून ते काम शेजारच्या गावाकडून करून घ्यावे लागते! इतके जपलेले वस्त्रसुद्धा परक्या हातांवाचून पुरे होत नाही.

आपल्याच देशात याहून मोकळे उदाहरण आहे. तेलंगणातील पोचमपल्लीच्या विणकरांनी ही कला विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात आंध्रातील चिराळ्याकडून घेतली. आज आसपासच्या कितीतरी गावांत इकताचे माग आहेत. याच पोचमपल्लीत 1951 साली विनोबा भावे यांना पहिले भूदान मिळाले होते. जमीन वाटली म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते. विद्येचे तसे नाही.

मात्र शिकविले म्हणजे सारे झाले, असे कोणी समजू नये. पोचमपल्लीच्या नक्षीचे छापील कापड बाजारात स्वस्त मिळते आणि अनेक ग्राहक त्यालाच इकत समजून घरी नेतात. मग विणकराच्या हाती पुरेशी मजुरी येत नाही, आणि त्याचा मुलगा शहराची वाट धरतो. शिकविणारा आणि शिकणारा यांच्याबरोबर पारखणाराही हवा. ही पारख अवघड नाही. कापड उलटून पाहावे. नुसत्या छापील कापडाची मागची बाजू बहुधा फिकट असते. खऱ्या इकताचा रंग धाग्याच्या आरपार गेलेला असल्याने नक्षी पाठपोट दिसते, आणि तिच्या कडा पाण्यात हलणाऱ्या प्रतिबिंबासारख्या किंचित थरथरलेल्या असतात.