पापणीचे स्फुरण आणि ताणाचे निदान

फेब्रुवारी सरून मार्च लागला, की बँकांच्या शाखांतून, सनदी लेखापालांच्या कचेऱ्यांतून आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकवर्गातून एक ठरावीक तक्रार आपल्या दवाखान्यांत येऊ लागते: डोळ्याची खालची पापणी लवते, दिवसातून अनेक वेळा लवते, आणि काही केल्या थांबत नाही. तक्रार किरकोळ आहे हे आपण जाणतो. परंतु ज्याची पापणी लवत असते तो ते जाणत नसतो, आणि पक्षाघाताच्या पूर्वसूचनेपासून मेंदूतल्या गाठीपर्यंत नाना शंका मनात घोळवीत तो आपल्यासमोर बसलेला असतो. अशा वेळी ‘टेन्शन घेऊ नका’ एवढे बोलून ब-जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून देण्याचा जो शिरस्ता आपल्या व्यवसायात पडून गेला आहे, त्याचा फेरविचार व्हावा असे आम्हांस मनापासून वाटते. कारण ताण हे निदान असेल, तर ते इतर निदानांप्रमाणेच तपासून सिद्ध केले पाहिजे, आणि सिद्ध झाल्यावर त्यावर उपदेश नव्हे, इलाज केला पाहिजे.

या स्फुरणाचे स्वरूप पुरेसे स्पष्ट आहे. पापणी मिटणाऱ्या ऑर्बिक्युलॅरिस ऑक्युलाय स्नायूतील काही थोडे तंतुसमूह, इच्छेचा काडीमात्र संबंध नसताना, आपापल्या लयीत आकुंचन पावू लागतात. त्यालाच आपण मायोकायमिया म्हणतो. ते बहुधा एकाच बाजूस आणि खालच्या पापणीत होते, काही क्षण टिकते, शमते, पुन्हा उद्भवते, आणि काही दिवसांत वा आठवड्यांत आपोआप नाहीसे होते. अपुरी झोप, श्रम, मनस्ताप, चहा-कॉफीचे आधिक्य, डोळ्यांचा कोरडेपणा ही त्याची परिचित निमित्ते होत. पापणीची त्वचा सर्वांगात सर्वांत पातळ असल्यामुळे आतली बारीकशी हालचालही रुग्णास ठळकपणे जाणवते, आणि समोरचा प्रत्येक मनुष्य आपल्या डोळ्याकडेच पाहत आहे असा त्याचा ग्रह होतो. वस्तुतः हातभर अंतरावरून ती पुष्कळदा दिसतही नाही, हे त्यास आवर्जून सांगावे.

परंतु असा धीर देण्याचा अधिकार आपणांस चेहरा पाहिल्यानंतरच प्राप्त होतो. डोळ्यांवर बॅटरीचा झोत टाकण्यापूर्वी रुग्णाशी त्याच्या कामाधामाविषयी बोलत राहावे, आणि बोलता बोलता एक-दोन मिनिटे त्याचा संपूर्ण चेहरा न्याहाळावा. पापणीबरोबर गाल किंवा ओठाचा कोपरा त्याच ठेक्यावर ओढला जात असेल, तर तो हेमिफेशियल स्पाझम होय. त्याचा आरंभ बहुधा डोळ्याभोवतीच होतो, पुढे काही महिन्यांत तो गालावरून खाली उतरतो, आणि पुष्कळ रुग्णांत त्याचे मूळ, सातवा मज्जातंतू मेंदूतून जेथे बाहेर पडतो तेथे एखादी रोहिणी त्याच्यावर टेकलेली असण्यात सापडते. हा आचका झोपेतही चालू राहू शकतो. सबब ‘झोपल्यावर डोळा लवतो काय’ हा प्रश्न रुग्णाला नव्हे, त्याच्या पत्नीला किंवा आईला विचारावा. बाबिन्स्कीने 1905 च्या सुमारास नोंदवलेली एक खूण येथे फार उपयोगी पडते: आचक्याच्या वेळी डोळा मिटत असतानाच त्या बाजूची भुवई वर चढते, आणि ही गोष्ट निरोगी मनुष्यास हेतुपुरस्सर करणे जवळजवळ अशक्य असते. अर्ध्या चेहऱ्यावर सतत सरपटणाऱ्या लहरी दिसत असतील, चेहरा दुबळा झाला असेल, पापणी खाली ओघळली असेल वा दृष्टी दुहेरी झाली असेल, तर ताण हा शब्द उच्चारूच नये, आणि रुग्णास विनाविलंब मज्जासंस्थेच्या तज्ज्ञाकडे धाडावे.

दोन्ही डोळे एकाच वेळी, जोराने आणि वारंवार मिटत असतील, तर प्रकरण ब्लेफरोस्पाझमचे असते, आणि त्याचा इतिहास आपल्या व्यवसायास अंतर्मुख करणारा आहे. आंरी मेज याने 1910 मध्ये चेहऱ्याच्या अशा आकुंचनांचे वर्णन केल्यानंतरही अनेक दशके या रुग्णांची, ज्यांत उतारवयाकडे झुकलेल्या स्त्रियांचा भरणा अधिक असतो, मनोविकाराच्या सदरात बोळवण होत राहिली. 1976 मध्ये डेव्हिड मार्सडेन यांनी हा विकार डिस्टोनियाच्या कुळातील, म्हणजे मेंदूच्या कार्यातील बिघाडाचा असल्याचे आग्रहाने मांडले, आणि अ‍ॅलन स्कॉट यांच्या प्रयत्नांतून सिद्ध झालेल्या बोटुलिनम विषाच्या इंजेक्शनास 1989 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, तेव्हा कोठे त्यांच्या पदरी खरा इलाज पडला. तोवर किती जणींनी रस्ता ओलांडणे सोडले असेल, किती जणींना ‘मनावर घेऊ नका’ एवढेच ऐकून परतावे लागले असेल! ताण हे आपणांस न उलगडलेल्या गोष्टीचे नाव होऊ नये, हा आमचा आग्रह या इतिहासातून आला आहे.

चेहरा निर्दोष ठरला, की ताणाची चौकशी आरंभावी, आणि ती तपशिलाची असावी. झोपायला किती वाजतात, उठायला किती वाजतात, मधे जाग येते काय, शेवटचा चहा केव्हा होतो, चष्म्याचा नंबर शेवटचा केव्हा तपासला, दिवा कोणत्या बाजूस असतो, पंखा अथवा वातानुकूलन यंत्राचा झोत तोंडावर येतो काय, हे सर्व विचारावे. चाळिशी लागून जवळचे अक्षर अंधुक झालेले असताना जुन्याच चष्म्यावर वर्षाखेरीचे हिशेब ओढणारे रुग्ण आपणांस पदोपदी भेटतील. चालू औषधांकडेही पाहावे; अर्धशिशीसाठी दिल्या जाणाऱ्या टोपिरामेटमुळे पापणी लवल्याच्या नोंदी आहेत.

इलाज या उत्तरांतूनच निघतो. कॅफीन निम्मे उतरण्यास शरीराला सुमारे 5 तास लागतात, म्हणजे संध्याकाळी 6 च्या चहाचा निम्मा अंमल रात्री 11 वाजताही शिल्लक असतो, एवढा हिशेब लेखापालाला समजावून सांगितला तर तो चहा स्वतःहून दुपारी आणतो; मात्र चहा एकाएकी तोडायला सांगू नये, कारण मग डोके दुखू लागते आणि आपल्यावरचा त्याचा विश्वास डळमळतो. झोप मात्र प्रथम सुधारावी, बाकी सर्व तिच्या मागून. पडद्यावर काम करणाराने दर 20 मिनिटांनी काही क्षण दूरवर पाहावे व मुद्दाम पापण्या मिटाव्यात, कारण एकाग्र दृष्टीत पापणी लवविण्याचे प्रमाण घटते आणि डोळा कोरडा पडतो. अशांना कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि ऊन पाण्यात पिळलेल्या फडक्याचा शेक यांनी उतार पडतो. मॅग्नेशियमच्या गोळ्यांचा बराच बोलबाला आहे, परंतु रक्तातील प्रमाण ठीक असता त्यांनी पापणी थांबते असा भक्कम पुरावा नाही. झोपेच्या व चिंताशामक गोळ्या या क्षुल्लक विकारासाठी लिहिणे आम्हांस घातक वाटते, कारण पापणी महिनाभरात थांबते आणि गोळी वर्षानुवर्षे सुटत नाही. बोटुलिनमचा विचार, महिनोन्‌महिने न थांबणाऱ्या आणि जगणे दुःसह करणाऱ्या स्फुरणापुरताच करावा.

रुग्णाच्या मनात शकुनाचा विचार असेल, तर त्याची अवहेलना करू नये. अशोकवनात सीतेचा डावा डोळा स्फुरतो तो शुभसूचक, दुष्यंताच्या राजसभेत शकुंतलेचा उजवा स्फुरतो तो अशुभसूचक, ही आपल्या वाङ्मयाची दीर्घ परंपरा आहे, आणि ठरलेला प्रवास वा व्यवहार पुढे ढकलणारी कुटुंबे आजही आहेत. अशा माणसास वाद घालून नव्हे, तर चेहरा नीट तपासून आणि कारण समजावून देऊनच दिलासा मिळतो.

अखेरीस मुदतीविषयी. ‘बरे वाटले नाही तर या’ असे मोघम न सांगता महिन्यानंतरची तारीख द्यावी, आणि मधल्या काळात स्फुरण होत असता घरच्या माणसाकडून त्याचे मोबाइलवर चित्रण करून घ्यावे. दवाखान्यात नेमकी पापणी शांत असते, ही अडचण त्यामुळे दूर होते. पुढे तज्ज्ञाकडे पाठविण्याची वेळ आलीच, तर चिठ्ठीत बाजू कोणती, आरंभ केव्हा झाला, गालाचा वा ओठाचा सहभाग आहे काय, झोपेत ते चालते काय, भुवई वर चढते काय आणि चालू औषधे कोणती, एवढे अवश्य लिहावे. ‘डोळा लवतो, कृपया पाहावे’ एवढाच मजकूर असलेली चिठ्ठी घेऊन जिल्ह्याच्या गावी गेलेल्या रुग्णाची सगळी चौकशी तेथे नव्याने करावी लागते, आणि जिचे उत्तर घरच्या माणसालाच ठाऊक असते ती झोपेची गोष्ट तेथे कोणी विचारीलच, याची खात्री नसते.