पॅकेज आणि हाती येणारा पगार

‘तीन लाखांचे पॅकेज म्हणजे महिन्याला पंचवीस हजार, त्यातले हाती येत नाही ते सरकार कापते,’ असे एका वाचकाने गेल्या अंकात लिहिले. सरकारला एवढा दोष देण्याआधी नेमणूकपत्र नीट वाचायला हवे होते.

त्या पंचवीस हजारांत मालकाचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा धरलेला असतो. मूळ पगार १५,००० धरला तर १२ टक्क्यांनी १,८०० रुपये. बऱ्याच कंपन्या ग्रॅच्युइटीचे साधारण ७२० रुपयेही त्यातच घालतात. म्हणजे पगारपत्रकावर येतात जेमतेम साडेबावीस हजार. त्यातून आपले १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० वजा करा. हाती राहतात साधारण साडेवीस हजार. एवढ्या पगारावर आयकर एक पैसाही लागत नाही! गळती आहे ती पॅकेज मोजण्याच्या पद्धतीत, आणि निधीचे पैसे तर आपलेच.

राहिला व्यवसाय कर. फेब्रुवारीत ३०० धरून तो वर्षाला २,५०० होतो. त्याहून जास्त घ्यायला संविधानच मना करते. या कराचा १९७५ चा राज्याचा कायदा रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी आला, हे आज कुणाच्या ध्यानात नसते. महिलांना मासिक २५,००० पर्यंतच्या पगारावर २०२३ पासून हा कर माफ आहे. सावनेरहून नागपूर, बुटीबोरीला कामाला जाणाऱ्या मुलींनी आपल्या पगारपत्रकात तो कापला जातो का, हे आजच बघावे.

— एक वाचक, सावनेर