अब्बांची सही मी केली नाही

अब्बांची वॅगनआर साडेतीन वर्षं आमच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. जून २००७ मध्ये घेतलेली. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत अब्बा गेले आणि त्यानंतर गाडीची चावी कुणी उचललीच नाही. अम्मीला ती गाडी डोळ्यांसमोर हवी होती. आम्हा दोघा भावांना तिच्याकडे बघवत नव्हतं. विमा संपला. जून २०२२ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण झाली, नोंदणीची मुदत संपली. टायर बसले, बॅटरी मेली, इंजिनाखाली मांजरीने पिल्लं घातली.

मग २०२४ च्या पावसाळ्यानंतर अम्मी स्वतःच म्हणाली, "विकून टाका आता. उभ्या उभ्या गंजतेय बिचारी."

मामूंनी दोन दिवसांत एजंट आणला. त्याने ताडपत्री उचलली, बॉनेटवर हात फिरवला आणि चाळीस हजार रोख सांगितले. कर, दंड, नूतनीकरण, आम्हाला काहीच बघायचं नव्हतं. त्याने खिशातून दोन फॉर्म काढले, नमुना २९ आणि नमुना ३०. दोन्ही कोरे. फक्त खाली सही हवी होती.

मी म्हटलं, "गाडी अब्बांच्या नावावर आहे. ते नाहीत."

तो म्हणाला, "आरसीवर आहे ना सही? बघून तुम्हीच मारा. कोण ओळखतंय?"

मामूंनीही मान डोलावली. त्यांचा हेतू वाईट नव्हता. बहिणीच्या घरात चार पैसे यावेत, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण माझा हात पुढे गेला नाही. अब्बा चाळीस वर्षं किराणा दुकानाच्या वहीत उधारीखाली जी सही करत होते, ती आता त्यांच्या माघारी मी खोटी करायची, आणि तीही चाळीस हजारांसाठी?

हे सगळं सांगतोय, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरासमोर अशी एखादी गाडी उभी आहे. मोटारसायकल असेल, रिक्षा असेल, छोटा टेम्पो असेल. आपले किती तरी भाऊबंद गॅरेज, भंगार आणि जुन्या गाड्यांच्या धंद्यात आहेत. कोऱ्या फॉर्मवरची सही ही आपल्याला इतकी सवयीची झाली आहे की तिच्यात काही चूक आहे असं वाटतच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की, चावी दिली आणि नोटा मोजून घेतल्या म्हणजे गाडी विकली असं होत नाही. आरसीवरचं नाव बदलतं, तेव्हा ती विकली जाते.

हे माझं मत नाही, कायदा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे एकाच राज्यातल्या व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. मालक वारला असेल तर वारसाने ३० दिवसांत कळवून तीन महिन्यांत आपल्या नावावर हस्तांतरणाचा अर्ज करायचा असतो. त्यासाठी वेगळा नमुना आहे, ३१. आमच्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. मय्यतीनंतर लोक बँकेचं विचारतात, सातबाऱ्याचं विचारतात. गाडीचं कुणी विचारत नाही.

न कळवल्याने काय होतं? सर्वोच्च न्यायालयाचा ६ फेब्रुवारी २०१८ चा एक निकाल वाचण्यासारखा आहे. त्या प्रकरणात मूळ मालकाने गाडी २००७ मध्ये विकली होती. पुढे ती आणखी काही हातांतून गेली. २००९ मध्ये मागे घेताना तिने दोघांना धडक दिली आणि त्यात एका मुलाचा जीव गेला. आरसीवर मात्र पहिल्याच मालकाचं नाव होतं. न्यायालयाने सांगितलं की, नोंदणी ज्याच्या नावावर, कायद्याने मालक तोच, आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. ज्याचा माणूस गेला त्याला एका खरेदीदाराकडून दुसऱ्याकडे हेलपाटे घालायला लावता येणार नाही, असा त्यामागचा विचार आहे. मला तो न्याय्य वाटतो.

आमच्या गाडीला विमा नव्हता. एजंटने ती तशीच कुणाला तरी विकली असती. घेणारा कुणी श्रीमंत नसता. कर आणि विमा न भरलेली गाडी स्वस्तात घेतो तो बहुतेक आपल्यासारखाच, भाजीचे क्रेट नाहीतर पोरांना शाळेत नेण्यासाठी. उद्या त्याच्या हातून कुणी रस्त्यावर पडलं, तर विमा कंपनी नाही, ऐपत असलेला मालक नाही, आणि आरसीवर मेलेल्या माणसाचं नाव. पडलेल्याच्या बायकापोरांनी कुणाच्या दारात जायचं? खोटी सही करताना आपण बहुतेक वेळा फक्त सरकारचा विचार करतो, की सरकारला काय फरक पडतो. फरक त्या अनोळखी घराला पडतो.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी आडून न बोलता लिहितो. गाडीचा नंबर पोलिसांकडे गेला की पहिला फोन आरसीवरच्या नावाला, नाहीतर त्या पत्त्यावर येतो. चोरीचा माल सापडला, कुणी ठोकून पळालं, काहीही झालं तरी. "ती गाडी आम्ही विकली होती" हे तोंडी सांगणं कुणालाच सोपं जात नाही. आपल्यासारख्या नावाच्या पोराला तर नाहीच नाही. त्या वेळी हातात कागद असला तर अर्ध्या तासात सुटका होते. नसला तर वकील शोधावा लागतो.

तर आम्ही काय केलं?

आधी वारसांची कागदपत्रं. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि सगळ्या वारसांची ना-हरकत. इथे आपाचं नाव आलं. मामू म्हणाले, "तिची सही घेऊन टाका, ती काय नाही म्हणणार आहे?" नाही म्हणणार नव्हतीच. आपल्याकडच्या बहिणी जमिनीवरसुद्धा न वाचता सही करून देतात, तिथे जुन्या गाडीचं काय! पण ज्या कागदावर तिची सही लागते त्या गाडीत तिचा वाटाही आहे, हे आम्ही तिला फोनवर आधी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "माझ्या वाट्याचं मी अब्बांच्या नावाने कुणाला तरी देईन." दिलं, नाही दिलं, तो तिचा प्रश्न. विचारणं आमचं काम होतं.

मग कळलं की २००७ चं कर्ज केव्हाच फिटलं असलं तरी आरसीवर बँकेचं नाव तसंच आहे. बँकेची ना-हरकत आणून नमुना ३५ भरून ते काढलं. जुने ई-चलान तपासले, दोन निघाले, भरले. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना लागणारी नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवली. पर्यावरण कर भरला. विमा आणि पीयूसी काढलं. नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते, आणि नोंदणी संपलेली गाडी स्वतः चालवत नेणं हाच गुन्हा, म्हणून ती टो करून नेली. पंधरा वर्षांपुढच्या खासगी मोटारीला तेव्हा नूतनीकरणाचं शुल्क पाच हजार होतं, आणि उशिराबद्दल दर महिन्याला पाचशे. आमचे तीस महिने झाले होते. म्हणजे नुसत्या उशिराचे पंधरा हजार. टायर, बॅटरी, ब्रेक धरून सगळा खर्च गेला त्रेचाळीस हजारांवर.

मामू म्हणाले, "बघ, तुझ्या प्रामाणिकपणाचं बिल." त्यांचं अगदीच चूक नव्हतं.

मध्यंतरी दोघांनी घाबरवलं की पंधरा वर्षांची गाडी आता चालतच नाही, सरकार उचलून नेतं. हे लक्षात ठेवा: तसे आदेश दिल्ली आणि आसपासच्या भागासाठी झाले. महाराष्ट्रात तपासणीत पास झालेल्या खासगी गाडीची नोंदणी पाच पाच वर्षांनी वाढवून मिळते. हीच भीती दाखवून भाव पाडला जातो. गाडी खरोखरच निकामी असेल, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या. तिथे जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं आणि नवी गाडी घेताना त्यावर सवलत मिळू शकते. ओळखीच्या भंगारवाल्याला दिलीत तरी आरसी रद्द करून घेतल्याशिवाय विषय संपला समजू नका. तुटलेल्या गाडीचा चेसिस नंबर दुसऱ्या गाडीवर फिरत राहू शकतो.

शेवटी आमच्या गल्लीतल्याच एका शिक्षकाने गाडी बघितली. ऐंशी हजार ठरले. बयाणा देण्याआधी मी त्याला सांगितलं की ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी या गाडीच्या सीटपर्यंत आलं होतं, अब्बांनी वायरिंग बदलून घेतलं होतं, पण खालचा पत्रा दोन ठिकाणी गंजलेला आहे. मामूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी घरच सोडून जावं. माल विकताना त्यातला ऐब सांगावा, हे आपण लहानपणापासून मदरशात, घरात, जुम्म्याच्या बयानात ऐकत आलो. ते ऐकताना डोळ्यांसमोर धान्याचा व्यापारी येतो, आपली गाडी येत नाही. शिक्षकाने पाच हजार कमी केले. पंच्याहत्तरला सौदा झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात आरसी त्याच्या नावावर करायला टाकली.

खर्च वजा जाता बत्तीस हजार उरले. अम्मीचा आठवा हिस्सा चार हजार. राहिलेल्या अठ्ठावीस हजारांत आम्हा भावांना प्रत्येकी अकरा हजार दोनशे आणि आपाला पाच हजार सहाशे. एजंटने दिले असते त्यापेक्षा आठ हजार कमी, आणि दोन महिन्यांच्या चकरा वेगळ्या.

म्हणून सरकारलाही एक गोष्ट सांगायला हवी. जी गाडी रस्त्यावर आलीच नाही, तिच्यावर महिन्याला पाचशेचा भुर्दंड कशासाठी? ब्रिटनमध्ये गाडी वापरात नाही असं मालकाने फुकटात कळवायचं असतं. त्याला 'सॉर्न' म्हणतात. मग कर नाही, विमा नाही, पण गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभीसुद्धा करायची नाही. ती विकली की ही नोंद नव्या मालकाकडे जात नाही. त्याने कर भरूनच गाडी रस्त्यावर आणायची. नियम साधा आहे. मालकाला दिलासा आहे आणि रस्त्यावरच्या माणसाचं संरक्षणही. पंधरा वर्षं उलटलेल्या खासगी गाडीसाठी आपल्याकडेही अशी सोय असायला हवी. घरातला कर्ता गेल्यावर तर किमान वर्षभर उशिराचं शुल्क माफ असावं. खरं वागणं इतकं महाग पडलं तर लोक कोऱ्या फॉर्मकडेच वळणार, आणि त्याचा दोष एकट्या एजंटवर ढकलता येणार नाही. ही मागणी आपल्या संघटनांनी निवेदनात घ्यावी असं मला वाटतं. ती फक्त आपल्यासाठी नाही, प्रत्येक गरीब घरासाठी आहे.

पण नियम बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. या रविवारी घरातल्या आरसी काढा. नाव कुणाचं आहे, मुदत कधी संपते, बँकेचा बोजा उतरलाय का, एवढं बघा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी साठ दिवसांपासून करता येतो. आम्ही तो वेळेत केला असता तर आमचे पंधरा हजार वाचले असते.

परवा ते शिक्षक मुलीला घेऊन घरावरून गेले. हॉर्न तोच आहे. अम्मी खिडकीत आली, गाडी वळेपर्यंत बघत राहिली, आणि मग म्हणाली, "धुऊन ठेवतो हो तो, अब्बांसारखी."