मालक कोण?

शेळी म्हणजे गरिबाची गाय, असे सरकारी पत्रकांत असते. बचत गटांच्या बैठकांत आम्हीही ते म्हणत आलो. हा गरीब म्हणजे पुरुष की बाई, हे मात्र ना पत्रकात असते ना आमच्या बोलण्यात. लेंड्या झाडणारी, खुरपणीहून येताना डोक्यावर पाल्याचा भारा आणणारी, पावसात करडाला चुलीपाशी घेऊन निजणारी बाईच असते. शेळी धडधाकट असेपर्यंत ती बाईची. आजारी पडून दवाखान्याच्या दारात गेली, की तिचा मालक उगवतो.

२०२४ च्या पावसाळ्यातली, मराठवाड्यातल्या एका गावातली गोष्ट. आमच्या गटातल्या मावशींना नवऱ्याने टाकले त्याला अकरा वर्षे झाली. गटाच्या कर्जातून त्यांनी दोन उस्मानाबादी शेळ्या घेतल्या, त्यांच्या पाच झाल्या. आषाढात एक शेळी रवंथ करेना. दुसऱ्या दिवशी अंग तापले, नाकाडोळ्यांतून घाण वाहू लागली, ओठांच्या आत व्रण आले, मग पाण्यासारखी हगवण. मावशींनी मजुरी बुडवली, शेळी खांद्यावर घातली आणि तीन किलोमीटरवरचा दवाखाना गाठला.

टेबलामागच्या माणसाने रजिस्टर उघडले. “मालक कुठंयत?”

“मीच की मालकीण.”

“तसं नव्हं बाई, घरचे मालक.”

नवरा आणि धनी यांना आपण एकच शब्द ठेवला आहे, तो असा नको तिथे उपयोगी पडतो. शेवटी रजिस्टरात मावशींच्या चौदा वर्षांच्या मुलाचे नाव पडले. एक इंजेक्शन, एक पुडी. घरी आणखी शेळ्या आहेत का, बाजारातून नवी शेळी आणली का, काही विचारणे नाही. परतताना औषधाच्या दुकानदाराने जंताची बाटली गळ्यात मारली ती वेगळीच.

पंधरा दिवसांत पाचांतल्या तीन शेळ्या गेल्या. कर्जाचा हप्ता थांबला नाही. तो वसूल करणारी मी होते.

तिसरी शेळी मेली त्या दिवशी मी तालुक्याच्या पशुवैद्यकांना फोन केला. माझ्या शहरी मराठीला त्यांनी सभ्यपणे दहा मिनिटे दिली. लक्षणे पीपीआरची दिसतात, म्हणाले, शेळ्यामेंढ्यांची बुळकांडी. रोग विषाणूचा, त्यावर थेट औषध नाही. आजारी शेळी पहिल्याच दिवशी वेगळी बांधायची, तिचे पाणी आणि वैरण वेगळी. हगवणीने अंगातले पाणी जाते म्हणून मीठ-गुळाचे पाणी थोडेथोडे पाजायचे, ठसका लागेल असे ओतायचे नाही. तोंडातले व्रण धुवायचे. अँटिबायोटिक देतात ते मागून येणारा न्यूमोनिया आवरायला, आणि तेही डॉक्टरांनी ठरवायचे. निरोगी शेळीला वेळेवर टोचलेली एक लस साधारण तीन वर्षे पुरते.

हे सगळे मी मावशींना सांगितले. त्या म्हणाल्या, “ताई, येवढंच व्हतं तर मला का न्हाई सांगितलं?”

मला उत्तर देता आले नाही. एकेका दवाखान्याच्या गळ्यात बरीच गावे असतात, पदे रिकामी असतात, हे मला माहीत आहे. त्या माणसाला खलनायक करायचा माझा विचार नाही. पण कामाचा बोजा आहे म्हणून बाईचे नाव खोडून पोराचे लिहिले जात नाही. त्याला दुसरे कारण आहे आणि ते आपल्याला चांगले ठाऊक आहे.

खात्रीचा सल्ला म्हणजे नुसती डॉक्टरांची पदवी नव्हे. जनावर बोलत नाही. त्याची रवंथ कधी थांबली, लेंडी कधी मऊ पडली, हे तिला विचारल्याशिवाय निदान होणार कसे? गाभण शेळीला पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल पाजले तर गर्भाला धोका असतो. शेळी बोकडाला कधी दाखवली, हे मालकांना विचारून पाहा!

लसीकरणाची सूचना त्या गावात ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सॲप गटावर आली होती. सकाळी अकरा वाजता, मारुतीच्या पारापाशी. अकरा वाजता बाया रानात असतात, आणि त्या गटावर एकही बाई नाही. १९६२ हा मोफत क्रमांकही मावशींना कुणी सांगितला नव्हता. गाईबैलांची बुळकांडी २०११ मध्ये जगातून हद्दपार झाली. शेळ्यामेंढ्यांची २०३० पर्यंत घालवायची, असे आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०१५ मध्ये ठरवले. चांगले आहे. पण शेळी जिच्या दावणीला आहे तिला वगळून ती कशी घालवणार?

आणि मैत्रिणींनो, आपले काय? सातबारावर बाईचे नाव हवे म्हणून आपण मोर्चे काढले. शेळीला सातबारा नसतो. तिच्या कानात बारा अंकी बिल्ला असतो आणि त्या अंकांमागे पशुपालक म्हणून कुणाचे तरी नाव नोंदलेले असते. उद्या विम्याचे किंवा भरपाईचे पैसे आले, तर कागदावर ज्याचे नाव तोच हात पुढे करील. गटांना शेळ्यांसाठी कर्जे वाटताना आम्ही हे नाव एकदाही तपासले नाही. शेळी आजारी पडली तर कुठे जायचे, हेही कुणाला विचारले नाही. आरोग्याच्या शिबिरात बायांचे हिमोग्लोबिन तपासले. शेळीच्या खालच्या पापणीचा रंग फिका पडला तर जंतांनी रक्त आटल्याची शंका घ्यावी, हे दाखवायला दोन मिनिटे लागली असती.

स्त्री-पशुवैद्यकांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या ‘अंथरा’ने खेड्यातल्या बायांना जनावरांच्या आरोग्याचे शिक्षण दिले. आता ‘उमेद’च्या पशुसखीही आहेत. पशुसखी हवीच. पण आशाताईंना राबवतात तसे तिला मानधनाच्या चार पैशांवर राबवायचे आणि डॉक्टरांची पदे रिकामी ठेवायची, याला आपली संमती नाही.

आमच्या गटाच्या सव्वीस बायांनी पंचायत समितीला अर्ज दिला आहे. लसीकरण सकाळी सातच्या आत, वस्तीवर येऊन करावे. बिल्ल्याची नोंद शेळी सांभाळणारीच्या नावाने व्हावी. दवाखान्याच्या रजिस्टरात तिचेच नाव लिहावे. अर्जावर पहिला अंगठा मावशींचा आहे. पोच मिळाली, उत्तर अजून नाही. पुढच्या सोमवारी आम्ही विचारायला जाणार आहोत, आणि मावशी उरलेल्या दोन शेळ्याही बरोबर आणणार आहेत.