वारं गेलं तर आधी घड्याळ बघा : कोल्हापूरकरांना आवाहन

पावसाळ्याच्या आत एक काम उरकायचं आहे आणि ते एकट्या डॉक्टरांच्या हातून होणारं नाही. अंगावरून वारं गेल्यापासून, म्हणजे पक्षाघात (स्ट्रोक) झाल्यापासून, शिरेत औषधाची सुई लागेपर्यंत जो वेळ जातो, तो कमी करायचा आहे. त्यातला काही वेळ घरात आणि रस्त्यावर जातो, म्हणून हे आवाहन तुम्हाला. उरलेला दवाखान्याच्या दाराच्या आत जातो, म्हणून ते थोरल्या दवाखान्यापासून, म्हणजे आपल्या सीपीआरपासून, तालुक्याच्या गावातल्या खासगी हॉस्पिटलांपर्यंत सगळ्यांना.

मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशोब २००६ मध्ये मांडला गेला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे. १९९५ च्या अमेरिकी अभ्यासानं ते पहिल्या तीन तासांत गुण देतं हे दाखवलं, २००८ च्या युरोपीय अभ्यासानं ही मुदत साडेचार तासांवर नेली. मोठी गुठळी तारेनं ओढून काढण्याची सोयही आता आहे. ती सहसा सहा तासांत, निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत. पण साडेचार तास मिळतात म्हणून ते सगळे खर्च करायचे नसतात. पहिल्या तासात दिलेलं औषध आणि चौथ्या तासात दिलेलं औषध एकच असलं तरी गुण एकसारखा येत नाही.

आता आपला जिल्हा डोळ्यांपुढे आणा. चंदगडहून कोल्हापूर शंभरावर किलोमीटर. तिकडच्या माणसाला बेळगावच जवळ. गगनबावड्याचा रस्ता मोठ्या पावसात मांडुकलीला पाण्याखाली जातो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तर शिरोलीपाशी महामार्गच बंद पडला होता. अशा वेळी कुठल्या गावचा पेशंट कुठल्या दिशेला न्यायचा, हे पाणी चढल्यावर ठरवायचं नसतं. ते मे महिन्यात ठरलं पाहिजे.

घरात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तोंड वाकडं होतं, एक हात लुळा पडतो, बोबडी वळते. कधी एकाएकी तोल जातो, दिसेनासं होतं. आणि सहसा दुखत नाही! छातीत कळ आली तर माणूस ओरडतो, घर जागं होतं. इथं तो गप्प पडून राहतो आणि बाकीचे म्हणतात, सकाळी बघू. कुणी तेल चोळतं, कुणी चहा पाजतं, कुणी बीपीची गोळी जिभेखाली ठेवतं, कुणी हार्ट अटॅकचं ऐकलेलं म्हणून अ‍ॅस्पिरिन देतं. यातलं काहीही करू नका. गिळण्याची ताकद गेलेली असेल तर घोटभर पाणीही फुफ्फुसात उतरतं. रक्तदाब एकदम खाली आणला तर अर्धवट जगलेला भागही उपाशी मरतो. आणि गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय नाडी बघून कुणालाही सांगता येत नाही, त्यामुळे अ‍ॅस्पिरिन आधी नाही. झाडपाल्याच्या औषधासाठी सीमेपलीकडे गाडी करून जाणाऱ्यांना एवढंच सांगणं : जायचंच असेल तर इंजेक्शनची वेळ टळल्यावर जा, आधी नको.

१०८ ला फोन लावा आणि वेळ लिहून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील तो ‘कधी पडले?’ हा नसेल. ‘शेवटचे धडधाकट कधी दिसले?’ हा असेल. रात्री दहाला चांगले झोपले आणि सकाळी सहाला हात उचलेना, तर घड्याळ दहापासून धरलं जातं. पण तोच माणूस साडेपाचला डेअरीत दूध घालून, चार शब्द धड बोलून घरी आला असेल तर हिशोबच बदलतो. दुधाच्या पावतीवर वेळ छापलेली असली तर ती पावती सोबत घ्या. औषधांच्या चिठ्ठ्या घ्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या आवर्जून सांगा. ज्यानं माणसाला शेवटचं बरं बघितलं तो गाडीत बसावा. रेशनकार्ड शोधायला गाडी थांबवू नका, ते मागून आणता येतं.

हे सगळं तुम्ही केलंत आणि चाळीस मिनिटांत दारात पोचलात. पुढं?

दारावर सुरक्षारक्षक असतो. त्यानं तोंड वाकडं बघून ‘आधी केसपेपर काढून या’ म्हटलं की दहा मिनिटं गेली. स्ट्रेचर ढकलणारे मामा जेवायला गेलेले, सीटीचा टेक्निशियन रात्री घरून येणार, सही कुणाची घ्यायची हे नव्या सिस्टरला माहीत नाही. यात वाईट माणूस कुणीच नाही. कुणी त्यांना शिकवलेलं नाही, इतकंच. स्ट्रोकचं प्रशिक्षण म्हटलं की हॉटेलात डॉक्टरांची परिषद आठवते. खरी गरज दारापासून सीटीच्या टेबलापर्यंत जेवढे हात रुग्णाला लागतात, तेवढ्या सगळ्यांना शिकवण्याची आहे, रात्रपाळीसकट आणि कंत्राटी माणसांसकट. कंत्राट बदललं की पुन्हा पहिल्यापासून.

हे होऊ शकतं. फिनलंडच्या हेलसिंकीतल्या रुग्णालयात १९९८ मध्ये दारातून आत आल्यापासून इंजेक्शन सुरू होईपर्यंत साधारण १०५ मिनिटं लागत. २०११ मध्ये ती २० वर आली. जादूचं यंत्र कुठलंही नव्हतं. अ‍ॅम्ब्युलन्सवाले वाटेतून फोन करू लागले, रुग्ण पोचायच्या आत त्याची माहिती काढून ठेवली जाऊ लागली, अ‍ॅम्ब्युलन्सच्याच स्ट्रेचरवरून तो थेट सीटीला जाऊ लागला आणि औषध तिथंच, टेबलावर सुरू होऊ लागलं. बारीकसारीक बदल, पण वर्षानुवर्षं चिकाटीनं केलेले.

दुसरं उदाहरण मला त्याहून मोलाचं वाटतं, कारण ते नर्सेसचं आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या १९ स्ट्रोक युनिटांपैकी काहींत पहिल्या ७२ तासांसाठी तीनच गोष्टी पक्क्या शिकवल्या गेल्या : ताप चढू द्यायचा नाही, साखर वाढू द्यायची नाही आणि गिळता येतं का हे तपासल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ९० दिवसांनी पाहिलं तेव्हा जिथं हे शिकवलं होतं तिथं मृत्यू किंवा परावलंबित्व ४२ टक्के रुग्णांच्या वाट्याला आलं होतं. जिथं शिकवलं नव्हतं तिथं ५८ टक्के. थर्मामीटर, ग्लुकोमीटर आणि चमचाभर पाणी. कोल्हापुरात या तिन्हींची टंचाई आहे असं कुणी म्हणणार नाही.

‘मेंदूचा डॉक्टर गडहिंग्लजला, आजऱ्याला कुठून आणायचा?’ असा प्रश्न येतो. हिमाचल प्रदेशात डोंगर आपल्यापेक्षा मोठे. तिथं सरकारनं सीटी असलेल्या रुग्णालयांतल्या साध्या फिजिशियनांना शिकवलं, त्यांना फोनवरून मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञांशी जोडलं आणि इंजेक्शन फुकट दिलं. सीटीचं चित्र मोबाइलवर गेलं, सल्ला मोबाइलवर आला, औषध जागेवरच सुरू झालं. गडहिंग्लज, इचलकरंजी आणि सीपीआर यांची अशी साखळी बांधायला हिमाचलपेक्षा कमी घाट चढावे लागतील.

एक गोष्ट लपवायची नाही. या इंजेक्शनला धोका आहे. १९९५ च्या त्या अभ्यासात औषध घेतलेल्या १०० पैकी सुमारे ६ जणांना मेंदूत गंभीर रक्तस्राव झाला. तरीही तीन महिन्यांनी जवळपास धडधाकट झालेल्यांचं प्रमाण औषध घेतलेल्यांत निदान ३० टक्क्यांनी जास्त होतं आणि एकूण मृत्यू वाढले नाहीत. हे आधीच कानावर असलं तर सही करताना पुण्याच्या काकांना आणि मुंबईच्या जावईबापूंना फोन लावण्यात अर्धा तास जात नाही. घरातला निर्णय कोण घेणार, ते आजच ठरवा.

घरी सोडल्यावर ‘आता तुम्हीच हातपाय हलवत राहा’ एवढ्यावर भागत नाही, हेही आपल्याच देशात तपासलं गेलं आहे. भारतातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरच्यांना व्यायाम शिकवून घरी पाठवण्याचा नेहमीच्या उपचारांहून जास्त फायदा दिसला नाही. म्हणून शिकलेला फिजिओथेरपिस्ट वॉर्डात हवा, आणि नंतर तालुक्यातही हवा.

तर मागणं असं आहे. हॉस्पिटलांनी स्ट्रोकसाठी एकच फोन नंबर ठेवावा आणि तो चोवीस तास कुणीतरी उचलावा. महिन्यातून एकदा, न सांगता, खोटा पेशंट दारातून आत आणून रंगीत तालीम घ्यावी. दारातून सुईपर्यंत किती मिनिटं लागली, तो आकडा दर महिन्याला कॅज्युअल्टीच्या भिंतीवर लावावा, वाईट असला तरी. साठ मिनिटांच्या आत हा जगानं मानलेला पहिला टप्पा आहे.

देणगीदारांनी कोनशिला लागेल अशी वस्तूच शोधू नये. हे औषध वजनावर मोजून देतात, आणि उभं राहता न येणाऱ्या माणसाचं वजन अंदाजानं धरावं लागतं. स्ट्रेचरसकट वजन करणारा काटा द्या. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या द्या, कारण साखर घसरूनही हुबेहूब पक्षाघातासारखं होतं आणि ते मिनिटात कळतं. नर्सेसच्या प्रशिक्षणाच्या दिवसाचा खर्च उचला. तालमी आणि तरुण मंडळांना सांगायला संकोच वाटतो, पण मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या खर्चातला थोडा भाग इकडे वळला तर कानांनाही बरं वाटेल.

आणि तुम्ही सगळ्यांनी येत्या आठवड्यात जवळच्या हॉस्पिटलात जाऊन, भांडण न करता, विचारा : रात्री दोनला सीटी चालू असतं का? गुठळीचं इंजेक्शन इथं मिळतं का? नसेल तर तुम्ही आम्हाला कुठं पाठवाल, आणि तिथं आधी फोन कराल का? उत्तर मिळेल ते हॉस्पिटलच्या नावासकट, १०८ च्या आकड्याखाली, गावच्या डेअरीच्या फळ्यावर लिहा. पुराच्या दिवसांतला दुसरा रस्ताही त्याच्याच खाली लिहा. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत.