रक्ताचा आकडा आणि अपुऱ्या दिवसांचे बाळ

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव झालाच, तर तो बहुतेक वेळा पहिल्या 72 तासांत होतो आणि पुष्कळदा बाहेरून पत्ताही लागत नाही. टाळूवरून केलेल्या सोनोग्राफीत तो दिसतो. मेंदूच्या श्वेतद्रव्यात विखुरलेली इजा मात्र तीतून निसटते, आणि पुढे चालण्या-शिकण्यात अडथळे आणते तीच. व्हेंटिलेटरवरच्या किलोभर वजनाच्या बाळाला एमआरआयपर्यंत न्यायचे म्हणजे दिव्यच. म्हणून इजेची खूण रक्तातच शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत. मेंदूतील पेशींना इजा झाली की एस100बी, जीएफएपी, न्यूरोफिलामेंट लाइट अशी प्रथिने रक्तात उतरतात. हे संशोधन झालेच पाहिजे. पण म्हणून ही तपासणी आताच नवजात कक्षातल्या नेहमीच्या यादीत घालायला माझा विरोध आहे, कारण आकडा वाढलेला आला तर करायचे काय, याचे उत्तर अजून कोणाकडे नाही.

मुळात तो आकडाच फसवा असू शकतो. एनएसई हे असेच एक प्रथिन, पण ते तांबड्या पेशींतही असते. टाच दाबून रक्त काढताना त्या फुटल्या की मेंदू शाबूत असूनही आकडा चढतो. एस100बी चरबीच्या पेशींतूनही येते. शिवाय किलोभराच्या बाळाच्या अंगात रक्त असते जेमतेम 80 ते 90 मिलिलिटर, त्यामुळे पुन्हा पुन्हा तपासून खात्री करून घेण्याची चैन परवडत नाही. डोक्याला मार लागलेल्या प्रौढांसाठी अमेरिकेत 2018 साली अशा रक्ततपासणीला मान्यता मिळाली, हे खरे. पण तिथे प्रश्न सरळ आहे: सीटी स्कॅन करायचा की नाही? इथे मेंदूची इजा भरून काढणारा उपचारच हाती नाही. आईला द्यायची स्टिरॉइड्स आणि मॅग्नेशियम सल्फेट यांचा उपयोग जन्माआधी, म्हणजे हा आकडा हाती येईपर्यंत ती वेळ टळलेली असते. पूर्ण दिवसांच्या, पण जन्मताना गुदमरलेल्या बाळांचे शरीर थंड ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत फलदायी ठरला. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील ‘हेलिक्स’ चाचणीत मात्र 2021 साली त्याने मृत्यू वाढलेले दिसले. परदेशी यश जसेच्या तसे उचलू नये, एवढे तरी त्यातून शिकायला हवे.

यावर आक्षेप येईल, आणि तो बिनबुडाचा नाही: लवकर कळले तर फिजिओथेरपी लवकर सुरू होईल. पण 32 आठवड्यांआधी जन्मलेल्या प्रत्येक बाळाची पुढील तपासणी तशीही व्हायलाच हवी, आकडा काहीही असो. उलट ‘नॉर्मल’ असा शेरा हाती पडला की तालुक्याहून एसटीने येणारे आई-बाप पुढची खेप टाळणार. मला खरी भीती याची वाटते. उरलेल्या नमुन्यांतून, पालकांच्या संमतीने, आपल्याकडच्या बाळांवर अभ्यास जरूर व्हावेत; नव्या औषधांच्या चाचण्यांत या खुणा कामी येतील. तोवर खर्च करायचाच तर तो पाठपुराव्यावर करावा. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहेच. प्रसूतीच्या मूळ तारखेनंतर साधारण तीन महिन्यांनी उताण्या बाळाच्या हातापायांची बारीक, अखंड चुळबुळ दिसते की नाही, यावरून सेरेब्रल पाल्सीचा धोका बराच नेमका ओळखता येतो. त्याला लागतो मोबाइलवरचा काही मिनिटांचा व्हिडिओ आणि तो पाहणारी प्रशिक्षित नजर. रक्त लागत नाही.