चोर म्हणणारे तुम्ही कोण?

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर राबतो. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. तरी आज विद्यापीठाशी भांडायला उभा आहे.

धाकट्या बहिणीचा एम. ए.चा प्रबंध परत आला. आमच्या घरातलं पहिलं पदवीधर पोर. यंत्र म्हणालं, ३१ टक्के जुळतं. सर म्हणाले, चोरी केलीस. ती रडत म्हणाली, "दादा, पुस्तकाचं नाव शेवटी यादीत दिलं होतं की!" दिलं होतं. पण कुठलं वाक्य कुणाचं ते जागेवरच लिहायचं असतं, दोन-चार शब्द बदलून वाक्य आपलं होत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

कोण सांगणार? पहिलीपासून एकच शिकवण : फळ्यावरचं उतरवा, गाईडातलं पाठ करा, पेपरात जसंच्या तसं ओता. पंधरा वर्षं नक्कल करायला लावलीत, आणि सोळाव्या वर्षी चोर म्हणता?

यूजीसीचे २०१८चे नियम बघा. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, ४० पर्यंत सहा महिन्यांत सुधारून द्या, ६० पर्यंत वर्षभर बंदी, त्यावर नोंदणी रद्द. त्याच नियमांत, दर सत्रात पोरांना हे समजावून सांगा, असंही आहे. दंडाचं कलम तोंडपाठ, शिकवण्याचं कलम गुल! ज्याच्याकडे पैसा तो वाक्यं फिरवून घेतो नि सुटतो. अडकतं ते न कळून चुकलेलं पोर.

पण मित्रांनो, रडगाणं पुरे. ४ नोव्हेंबर १९४८ला घटना समितीत बाबासाहेबांनी उसनवारीच्या आरोपाला ताठ मानेनं उत्तर दिलं : घेतलंय, त्यात लाज कसली? २५ नोव्हेंबर १९४९ला श्रेय वाटताना त्यांनी बी. एन. राव, एस. एन. मुखर्जी यांची नावं भर सभेत घेतली. घ्यायचं ते उघड, आणि नाव सांगून.

आमच्या आयांच्या कित्येक ओव्या नावाशिवाय छापल्या गेल्या. नाव गिळलं जाणं म्हणजे काय, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. मग आपण दुसऱ्याचं नाव गिळायचं? गिरणीत कोनावर काउंट नि लॉट लिहिलेला असतो. चाळीसच्या सुतात तीसचं मिसळलं की माल परत. वाक्याचंही तसंच.

तेव्हा रविवारी विहारात बसा, रात्री वसतिगृहात बसा. नव्या पोरापोरींना अवतरणचिन्ह नि तळटीप शिकवा. विद्यापीठ शिकवील तेव्हा शिकवील. आपण थांबायचं नाही.

जय भीम!